अदलाबदल न झालेली वही

ताळेबाईंच्या दारावर नावाची पाटी नव्हती. होती ती हाताच्या पंजाएवढी एक पितळी पट्टी आणि तिच्यावर ठोकलेला नऊ आकडी क्रमांक, ३८७८९६४२३. नवा टपालवाला आला की आधी पट्टीकडे बघायचा, मग पाकिटाकडे, मग पुन्हा पट्टीकडे, आणि एवढा मोठा घर नंबर कुठून आणलात म्हणून विचारायचा. गल्लीत त्या नवराबायकोला 'आकडेवाले' म्हणत. बाईंना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. आडनाव काय, लग्न केलं की मिळतं. हा आकडा त्यांनी कमावला होता.

ताळेबाई हे नाव छापखान्यातलं. तो छापखाना नुसत्या कोष्टकांची पुस्तकं छापायचा. वर्गमूळं, घनमूळं, लॉगॅरिदम, वजनं-मापं, पानापानांवर आकड्यांच्या मुंग्या. असल्या पुस्तकात एक आकडा चुकला तर कुठे तरी कुणाचा तरी पूल वाकडा उभा राहतो, असं मालक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. म्हणून तपासणीला कायम दोन माणसं बसत. एकाने मूळ प्रतीतले आकडे मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने प्रुफावर पेन्सिल टेकवत जायचं. पान संपलं की अदलाबदल, म्हणजे ऐकणाऱ्याने वाचायचं आणि वाचणाऱ्याने बघायचं. मग खाली दोघांच्या सह्या. अदलाबदलीशिवाय सही करणाऱ्याला मालक दारातूनच परत पाठवत, मग तो कितीही जुना असो.

बाई बाविसाव्या वर्षी तिथे लागल्या आणि महिन्याभरात त्यांना हे नाव चिकटलं, कारण ताळा केल्याशिवाय त्यांना घोट उतरत नसे. गोळ्यांच्या पाकिटावर 'दहा' लिहिलेलं असलं तरी त्या दहा मोजत. छापखान्याचा जिना चढताना पायऱ्या मोजत, उतरताना परत मोजत. "उतरताना कमी भरल्या का हो?" असं खिळे जुळवणारे जुळारी विचारत. "अजून तरी नाही," बाई गंभीरपणे सांगत. त्यात चेष्टा आहे हे त्यांना कळे, पण उत्तर खरं होतं.

त्यांच्या समोर बसणाऱ्या वाचकाला सगळे 'रेडिओ' म्हणत. आवाज तसाच होता, भरदार आणि स्वच्छ. शून्य-शून्य-चार-सात असलं काही वाचलं तरी बातमी सांगितल्यासारखं वाटे. माणूस हसरा, गप्पिष्ट, डब्यातला पहिला घास समोरच्याला देणारा. बाईंना आवाज आवडला तो पहिल्या दिवशी, माणूस आवडायला दोन वर्षं लागली. ताळा करायचा तर वेळ लागणारच.

तो आकडा होता जुन्या छपाईयंत्राच्या अंगावर. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत यंत्राला तेल घालणं चाललं होतं, पट्टीवरची काजळी पुसली गेली आणि आकडा दिसला. बाईंनी सवयीने तो मनात मोडायला घेतला. शेवटी तीन, म्हणजे दोन आणि पाच बाद. अंकांची बेरीज पन्नास, म्हणजे तीन बाद. मग तीन-तीनचे गट पाडले. पहिला आणि शेवटचा मिळून आठशे दहा, मधला आठशे शहाण्णव, फरक शहाऐंशी. शहाऐंशीला सात, अकरा, तेरा कुणीच शिवत नाही, म्हणजे त्या आकड्यालाही नाही.

"सतराही नाही, एकोणीसही नाही," थोड्या वेळाने बाई म्हणाल्या.

"मग कुणी शिवतं तरी का त्याला?" मागून रेडिओंनी विचारलं. त्यांच्या हातात डबा होता.

तिथून सुरू झालं. एखादी संख्या एक आणि ती स्वतः सोडून कुणानेच भागली जात नसेल तर ती मूळ संख्या, हे शाळेत सगळेच शिकतात आणि सोडून देतात. या दोघांनी सोडलं नाही. या आकड्याचं वर्गमूळ एकोणीस हजार सहाशे पंच्याण्णव आणि वर थोडं. तिथपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहायचं. त्यापुढे बघायची गरज नाही, कारण मोठा भाजक असलाच तर त्याचा जोडीदार त्याच्या आतच सापडतो. मूळ संख्यांची यादी छापखान्यानेच छापलेली होती, क्रमांक घालून, आणि अर्थातच तपासून. हिशेब केला तर सव्वादोन हजारांच्या आसपास भागाकार निघाले. वाटणी झाली. ज्या संख्यांच्या शेवटी एक किंवा तीन त्या बाईंच्या, सात किंवा नऊवाल्या रेडिओंच्या. रोज जेवणाच्या सुट्टीत प्रत्येकी दोन. भागाकार कच्च्या कागदावर करायचा, वहीत फक्त तारीख, भाजक आणि बाकी लिहायची. कच्चा कागद टोपलीत.

बाईंच्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा काळ कुठला असं कुणी विचारलं असतं, तर त्यांनी त्या दुपारी सांगितल्या असत्या. यंत्रं थांबलेली. टेबलावर दोन डबे, दोन वह्या. समोरून पेन्सिलीचा खरखर आवाज येतोय, हा बोलका माणूस चक्क गप्प बसून भागाकार करतोय. आपल्यासारखा वेडा जगात आणखी एक आहे, या विचाराने त्यांना आतून बरं वाटे. पेन्सिलीचा तो आवाज ऐकत ऐकतच त्यांनी एक दिवस मनाशी ठरवून टाकलं की याने विचारलं तर हो म्हणायचं.

आणि रेडिओंनी विचारलं. त्या दिवशी यंत्राचा पट्टा तुटला होता आणि अख्खा छापखाना हातावर हात धरून बसला होता. बाईंच्या वहीत तेव्हा ११००३ चालू होता.

"आपण लग्न करू या का?" बातमीच्या आवाजात नव्हे, अगदी हळू विचारलं.

बाईंनी भागाकार पूर्ण केला, बाकी लिहिली, आणि मग म्हणाल्या, "आधी हा आकडा संपू दे."

त्यात लाजणं होतं, चेष्टा होती आणि थोडं खरंही होतं. अर्धवट टाकून उठायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी ११००३ च्या शेजारी पेन्सिलीने एक बारीक टिंब दिलं, फक्त स्वतःला कळेल असं.

त्यानंतर रेडिओंनी जो वेग धरला तो बघून बाई थक्क झाल्या. रोज सकाळी वहीत सात-आठ नव्या ओळी. "संध्याकाळी घरी बसतो," ते सांगत. त्या संध्याकाळी बाई कल्पनेत कितीदा तरी बघून आल्या होत्या. एक खोली, एक खुर्ची, आपल्यासाठी मान मोडून भागाकार करणारा माणूस. अडीच महिन्यांत रेडिओंचा वाटा संपला. मग बाईंनीही कंबर कसली आणि आणखी तीन महिन्यांत आपला संपवला. आकड्याला कुणीही शिवलं नव्हतं. मूळ संख्या.

बाईंनी आपली वही पुढे केली आणि हात पसरला. "द्या तुमची. अदलाबदल."

रेडिओ हसले. "हे काय छापखान्याचं काम आहे? आता तरी माझा ताळा करणार का तू?"

बाईंना एकदम ओशाळल्यासारखं झालं. ज्या माणसाशी जन्म काढायचा त्याच्या बाक्या तपासायच्या म्हणजे काय. त्यांनी हात मागे घेतला. एका कोऱ्या कागदावर आकडा लिहून खाली दोघांनी सह्या केल्या. उभ्या आयुष्यात अदलाबदलीशिवाय केलेली ती त्यांची एकुलती एक सही. पुढे ते जुनं यंत्र भंगारात निघालं तेव्हा रेडिओंनी पट्टी मागून घेतली आणि लग्नाची भेट म्हणून स्वतःच्या हाताने दारावर ठोकली.

एकतीस वर्षं ती तिथे होती. संसार इतरांसारखाच झाला. एक मुलगी झाली, तीही आकड्यांतलीच निघाली, शाळेत गणित शिकवू लागली. दर वर्षी नव्या वर्गाला ती आईबाबांच्या आकड्याची गोष्ट सांगायची. तो कधी तपासून बघावा असं तिच्याही मनात आलं नाही. बाईंनी तपासलेलं पुन्हा तपासायचं म्हणजे घड्याळ बरोबर आहे का ते सूर्याला विचारायचं.

यंदा शाळेत वर्गावर्गात मोठे पडदे बसले. मुलीने गंमत म्हणून पोरांसमोर आकडा पडद्यावर टाकला. दुपारी तिचा फोन आला. रेडिओ केस कापायला गेले होते.

"आई, रागावू नकोस," मुलगी म्हणाली. "आपला आकडा फुटतो."

"म्हणजे?"

"सतरा हजार तीनशे एकोणनव्वद गुणिले बावीस हजार तीनशे सात. मी तीनदा टाकून बघितला."

"यंत्र चुकलं असेल," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. यंत्रांच्या चुका पकडण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं, चष्मा लावला आणि भागाकार मांडला. दोनाचा भाग गेला, परत दोनाचा, मग तीनाचा, मग शून्य. शेवटी उरले एक लाख एकवीस हजार सातशे तेवीस. त्यांनी बाजूला १७३८९ ला सातने गुणलं. एक लाख एकवीस हजार सातशे तेवीस. दोन्ही ओळी एकाखाली एक, अंकाला अंक. बाकी शून्य.

शेवटी नऊ, म्हणजे रेडिओंच्या वाट्याचा.

दोन्ही वह्या शिवणाच्या डब्यात तळाशी होत्या. एकतीस वर्षांत रेडिओंची वही बाईंनी उघडली नव्हती. १७३८९ सापडला. समोर सुबक अक्षरात बाकी लिहिलेली होती, ९०४२. माणसाकडून चूक होते, अकराशेंत एखादी होणारच, असं बाईंनी स्वतःला सांगितलं. पण हात थांबेना. त्यांनी त्याच पानावरचे आणखी चार भाजक घेतले. चारही बाक्या खोट्या. चुकलेल्या नव्हे, खोट्या. चुकलेला भागाकार कुठे तरी एका पायरीवर घसरलेला असतो आणि ती पायरी बाईंना लगेच सापडत असे. इथे घसरायला पायऱ्याच नव्हत्या.

रेडिओ मान पुसत घरात आले. "काय गं, आज चहा नाही वाटतं?"

"सतरा हजार तीनशे एकोणनव्वदची बाकी किती?" बाईंनी विचारलं.

त्यांनी आधी टेबलाकडे बघितलं, मग वहीकडे. मग बाईंचा चेहरा बघून खुर्चीवर बसले.

"तू अट घातली होतीस," ते म्हणाले. "आकडा संपल्याशिवाय नाही म्हणालीस. माझ्या शेकड्यांनी ओळी बाकी होत्या. मला धीर निघेना. तुझ्यासाठीच केलं ते, दुसरं काय."

बाई स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. एकतीस वर्षं छातीवर बिल्ल्यासारखा मिरवलेला आकडा खोटा, लेकीने पोरांसमोर तोंडघशी पडावं, आणि त्या संध्याकाळी, ती खोली, ती खुर्ची, काहीच नव्हतं. पण खरं सांगायचं तर रडता रडता त्यांना किंचित सुखावल्यासारखंही झालं. आपल्यापायी एका माणसाला धीर निघाला नव्हता. अशी फसवणूक गिळता येते. त्यांनी तोंड धुतलं आणि चहा टाकला. एकच गोष्ट त्यांच्या मनात राहिली. नीट भागाकार करत गेले असते तर १७३८९ त्यांना सापडलाच असता, उरलेल्या ओळी कराव्याच लागल्या नसत्या, आणि बाईंनी त्याच दिवशी हो म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पुन्हा टेबलाशी बसल्या.

"आता कशाला उकरतेस?" रेडिओंनी दारातून विचारलं.

"कुठून सुरू झालं तेवढं बघते."

एवढंच बघायचं होतं. तपासणीचा नियमच होता, चूक सापडली की ती पहिल्यांदा कुठे शिरली ते शोधायचं, नाहीतर तपासणी पुरी होत नाही. बाईंना उत्तर माहीतही होतं. पट्टा तुटला त्या तारखेनंतरची पहिली ओळ. आपल्या वहीतल्या टिंबाची तारीख त्यांनी कागदावर लिहून ठेवली आणि त्या तारखेच्या आसपासची रेडिओंची ओळ भागायला घेतली, ताळा जुळला की वही मिटायची या बेताने. आदल्या दिवशीची ओळ खरी निघायला हवी होती.

ती खोटी निघाली.

बाईंनी भागाकार दुसऱ्यांदा केला. मग एक आठवडा मागे गेल्या. खोटी. महिनाभर मागे. खोटी. रेडिओ दोनदा येऊन गेले, एकदा पाणी प्यायला, एकदा काही कारण नसताना. "डोळे दुखतील," असं म्हणाले. "पुरे झालं आता," असंही म्हणाले. बाईंनी मान वर केली नाही. वहीच्या सुरुवातीची एक ओळ घेतली. खरी. मग खऱ्या आणि खोट्या यांच्या मधोमध, परत मधोमध, करत करत दुपारपर्यंत दोन ओळी उरल्या, एकाखाली एक. ७९०७, बाकी २७२४. बरोबर. ७९१९, बाकी ३१५१. बाईंनी भाग लावला. अठ्ठेचाळीस हजार नऊशे त्र्याऐंशी वेळा गेला आणि बाकी उरली शेहेचाळीस.

शेजारी तारीख होती. पट्टा तुटला त्याच्या साडेतीन महिने आधीची.

तेव्हा लग्नाचं कुणी बोललं नव्हतं. अट नव्हती, घाई नव्हती. डबे होते, वह्या होत्या आणि समोरून येणारा पेन्सिलीचा आवाज होता.

"इकडे या," बाई म्हणाल्या. रेडिओ आले. बाईंनी ओळीवर बोट ठेवलं. "या दिवशी काय झालं होतं?"

रेडिओंनी चष्मा शोधला, वही जवळ घेतली, लांब धरली. मग यादीतला क्रमांक त्यांच्या लक्षात आला असावा.

"हजार झाले होते," ते म्हणाले. "७९१९ म्हणजे हजारावी मूळ संख्या. यादीत क्रमांक होता ना. वाटलं, एवढ्यात सापडलं नाही म्हणजे नाहीच सापडणार. कंटाळा आला होता गं."

"पेन्सिल तर चालत होती. मी रोज ऐकत होते."

"चालत होती."

"काय लिहीत होतात?"

"काही तरी. भागाकारासारखं दिसेल असं."

"आणि काल म्हणालात माझ्यासाठी."

एरवी गप्पांना खंड न पडू देणारा माणूस टेबलाची कड नखाने खरवडत बसला. बाईंना वाटलं होतं आपण ओरडू, पण ओरडण्याइतकं बळच उरलं नव्हतं. साडेतीन महिने समोर बसून या माणसाने नुसता आवाज काढला, आणि त्या आवाजावर आपण आपलं आयुष्य ठरवलं. बरं, तेही तरुणपणी केलं म्हणून सोडून देता आलं असतं. कालचं खोटं ताजं होतं. ते सोडता येत नव्हतं.

कोष्टकांची त्यांना काळजी वाटली नाही. वीस वर्षांत दोघांच्या सह्यांची एवढी पुस्तकं गेली, पण तिथे अदलाबदल होती, रेडिओंनी वाचलेलं प्रत्येक पान बाईंनी उलटून वाचलेलं होतं. जिथे अदलाबदल नव्हती त्या गोष्टी त्यांना एकेक करून आठवू लागल्या. छापखान्यातून उशिरा आल्याची कारणं. आजारी भावाकडे जाऊन आल्याच्या हकिकती. 'आवडलं' म्हणून खाल्लेले पदार्थ, 'बरी दिसतेस' म्हणून नेसलेल्या साड्या. एकतीस वर्षांची वही, फक्त बाक्या लिहिलेल्या, कच्चा कागद टोपलीत गेलेला. यातली हजारावी ओळ कुठली, हे काढायला कुठल्याही भागाकाराने जमणार नव्हतं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. वर्गात काय सांगू, असं विचारत होती.

"सांग, अर्धाच तपासला होता," बाई म्हणाल्या.

पट्टी त्यांनी काढली नाही. आकड्याने त्यांचं काही वाईट केलं नव्हतं. तो पहिल्या दिवसापासून दोन तुकड्यांचा होता आणि कुणी नीट विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. सकाळी त्यांनी टेबलावर रेडिओंची वही उघडी ठेवली, शेजारी यादी, टोक केलेली पेन्सिल आणि कोरे कागद.

"७९१९ पासून सुरू करा," त्या म्हणाल्या.

"आता? उत्तर तर कळलंय."

"मला उत्तर नकोय."

रेडिओंनी बाईंकडे बघितलं, मग मुकाट्याने बसले. हात जुना झाला होता, भागाकार सावकाश होत होते, मधेच खोडावं लागत होतं. बाई समोरच्या खुर्चीत बसून होत्या. पेन्सिलीचा खरखर आवाज येत होता, अगदी तसाच. संध्याकाळपर्यंत सात ओळी झाल्या. त्यांनी तारीख घातली आणि वही पुढे सरकवली, कच्च्या कागदांसकट, न मागता.

बाईंनी चष्मा लावला आणि सातही भागाकार पहिल्यापासून करून बघितले. त्याला तासभर लागला. रेडिओ समोर बसून राहिले, निकालाला बसलेल्या पोरासारखे.

"बरोबर आहेत?" त्यांनी विचारलं.

"सातही बरोबर आहेत."

ते हसले, जुनं, मोकळं हसू, आणि टेबलावरून त्यांनी हात पुढे केला. बाईंनी त्या हातात वही दिली. बाक्या बरोबर होत्या हे त्यांना पक्कं माहीत होतं, कारण त्यांनी स्वतः तपासल्या होत्या. तपासल्या नसत्या तर माहीत नसतं. "उद्या पुढच्या," असं म्हणून त्या उठल्या आणि दिवा लावायला गेल्या.